पुराव्याला माणूस आणा

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते लागतात. माळावरून चालत आलं की साडीच्या काठाला कुसळं लागलेली असतात ना, अगदी तसे. दिवसभर लोकांची दारं वाजवून घरी यायचं, पर्स खुंटीला अडकवायची, आणि बघावं तर दोन-तीन किस्से अंगाला चिकटलेले! तसेच राहू दिले तर टोचतात. म्हणून आम्ही ते एकमेकांना सांगून मोकळे होतो.

आम्ही म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेतले तीन शिक्षक. देवरे सर, पगारे सर आणि मी. शिकवणं हा आमचा जोडधंदा. मुख्य काम बीएलओचं, म्हणजे मतदारयादीतला माणूस खरोखर त्या घरात राहतो का, हे दारोदार जाऊन बघायचं. यंदा तर यादीची मोठी फेरतपासणी निघाली. नियम असा, की जुन्या यादीत स्वतःचं नाव दाखवा. ते नसेल तर आई-वडिलांचं दाखवा. तेही नसेल तर पुरावा द्या, की तुम्ही इथलेच.

दमून आलो की आमचा अड्डा शाळेच्या स्वयंपाकखोलीत. तिथं मुलांची खिचडी शिजवणाऱ्या कौसा मावशी आम्हाला चहा करून द्यायच्या आणि पातेली घासता घासता आमचं सगळं ऐकायच्या. मावशी सिन्नरकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मतदानाच्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढे कोण, तर इस्त्रीची साडी नेसून आमच्या मावशी! हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

*

देवरे सर सटाण्याकडचे. नियमाला पक्के. त्यांच्या वाट्याला कॉलेज रोडला एक बंगला आला. फाटक नुसतं लोटलेलं, पण दाराला कुलूप आणि कुलपावर गंज. बंद घर असलं की परत परत फेऱ्या मारायच्या आणि दर वेळी दारावर नोटीस डकवायची, ही आमची पद्धत. सरांनी डकवली.

पुढच्या फेरीला गेले, तर नोटीस गायब! कुलूप मात्र तसंच गंजलेलं. आणि उंबऱ्यासमोर ताजी रांगोळी.

शेजारच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिथं? तिथं कोणी राहतच नाही हो."

सरांनी दुसरी नोटीस डकवली. तीही गेली. रांगोळी बदलली. आता सरांना भर दुपारी घाम फुटायला लागला. पुन्हा गेले तेव्हा डिंकाची बाटली हातात, तोंडाने रामरक्षा, आणि नजर मागे. कशीबशी नोटीस चिकटवली आणि वळणार, तोच दारातूनच आवाज आला, अगदी अदबीने.

"सर, खालचा डावा कोपरा सुटलाय. जरा दाबता का?"

बाटली बुटावर पडली. "हाई काय शे!" सर ओरडले. फार घाबरले की सरांची अहिराणी बाहेर येते.

आवाज येत होता बेलशेजारच्या कॅमेऱ्यातून. घरमालक कामासाठी परदेशी. अंगण झाडायला बाई ठेवलेली, तीच नोटिसा काढून जपून ठेवायची. त्या गृहस्थाने तिथूनच वडिलांचं जुन्या यादीतलं नाव, दाखला, पासपोर्ट, सगळं फोनवर धाडलं. सर खूश! निघताना पुन्हा आवाज आला.

"सर, आता तुमचं ओळखपत्र जरा कॅमेऱ्यासमोर धरा ना. हल्ली कोणीही येतं हो दारात!"

आणि देवरे सरांचं ओळखपत्र शाळेत राहिलेलं!

*

हा किस्सा ऐकून आम्ही हसून हसून बेजार. मावशी मात्र हसल्या नाहीत. हात पुसत म्हणाल्या, "त्यांच्याकडं समदं होतं म्हणून बरं. माझ्याकडं काय हाय?"

मी त्यांचा अर्ज घ्यायला बसले आणि माझंच हसू मावळलं. जुनी यादी झाली तेव्हा मावशी नवऱ्याबरोबर वीटभट्ट्यांवर फिरत होत्या. आज इथं, उद्या तिथं. त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच गावात लागलं नव्हतं. राहता राहिलं माहेर. पण माहेरी त्या कौसा नव्हत्याच. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं. माहेरची यमुना. शाळेत कधी गेल्या नाहीत, त्यामुळे यमुना नावाची मुलगी होती असा एकही कागद नाही. आजची कौसाबाई म्हणजेच ती यमुना, हे सांगणार कोण?

"नाव कापलं तर मला कुठं पाठवतील, बाई?" मावशींनी विचारलं. "मला तर हितलंच समदं ठावं."

त्यावर देवरे सर आणि पगारे सर यांची जुंपली. हे रोजचंच होतं, पण त्या दिवशी जरा जास्त.

देवरे सर म्हणाले, "पुरावा मागितला तर बिघडलं काय? सिमकार्ड घ्यायला देतो, गॅसला देतो. मत काय त्याहून स्वस्त आहे? उद्या कोणीही घुसेल आणि बटण दाबून जाईल."

पगारे सर मनमाडचे. वडील रेल्वेत होते. ते कधी आवाज चढवत नाहीत. "सर, माझी आजी मजुरीला गेली होती, तिथं बांधावर माझे वडील जन्मले. दाखला देणारा तिथं कोण होता? ज्यांना कोणी कधी कागद दिलाच नाही, त्यांच्याकडे आज कागद मागायचा, ही चलाखी झाली."

"नियम सगळ्यांना सारखा!"

"नियम सारखा आहे हो. घरातली कपाटं सारखी नाहीत."

मला विचाराल तर मला दोघांचाही राग आला होता. बाई समोर पातेलं धरून उभी आणि यांचा परिसंवाद चाललाय!

*

पगारे सरांचा किस्सा ऐकला त्या दिवसापासून मी आरशात बघताना जरा दचकते.

आमच्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. यादीतल्या फोटोंची तोंडं ते एकमेकांशी ताडून बघतं. त्याने सरांना कळवलं, की नाशिकरोडच्या अमुक बाई आणि मनमाडच्या तमुक बाई एकच आहेत. दुबार नाव, एक रद्द करा.

सरांचं घर मनमाडलाच. रविवारी गेले तसे त्या बाईंकडे गेले. दार उघडलं आणि सर दोन पावलं मागे सरकले. आदल्याच दिवशी नाशिकरोडला ज्यांच्या हातचं पाणी पिऊन आले होते, त्याच बाई! तीच हनुवटी, तोच भुवईवरचा व्रण. त्यांनी विचारलंही तसंच, मान तिरकी करून, "सर, आधी पाणी देऊ?"

नाती शोधून झाली. गावं वेगळी, जात वेगळी, आडनावं वेगळी. शेवटी मतदार नोंदणीच्या साहेबांनी दोघींना एकाच वेळी कचेरीत बोलावून घेतलं. समोरासमोर बसवल्या. एकीने पदर सावरला, तर दुसरीचा हात आपोआप पदराकडे गेला. एकीला शिंक आली, तर दुसरीने नाकाला रुमाल लावला. साहेबांचा पेन हातातच राहिला.

नाशिकरोडच्या बाईंचे यजमान सोबत होते. ते आळीपाळीने दोघींकडे बघत होते. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "साहेब, यातली एक रद्द करायची असेल, तर आधी मला नीट बघून घेऊ द्या!"

सगळे हसले. बाया हसल्या नाहीत. जाताना मनमाडच्या बाई सरांना हळूच म्हणाल्या, "माझ्या स्वप्नात एक स्वयंपाकघर येतं, खिडकीत निळा डबा असलेलं. यांच्याकडं आहे का हो तसं?"

पगारे सर नाशिकरोडच्या त्या स्वयंपाकघरात बसूनच पाणी प्यायले होते. निळा डबा होता की नाही, हे ते आजवर आम्हाला सांगत नाहीत.

*

एक हसण्यावारी न्यायचा किस्साही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई भुताखेतांच्याच गोष्टी करते.

देवरे सरांच्या भागात एका गल्लीचा अहवाल लाल होऊन आला. संशयास्पद! का, तर गल्लीतली जवळजवळ सगळी म्हातारी माणसं एकाच तारखेला जन्मलेली. एक जून.

सर तावातावाने गेले. पहिल्याच ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. "आजी, तुमचा जन्म एक जूनचा, यांचाही एक जूनचा, त्यांचाही. हे कसं काय?"

आजींनी शांतपणे सांगितलं, "आम्हाला काय ठावं बाबा? शाळेत घालताना गुरुजींनी लिवलं. तुमच्यावानीच होते, चष्मेवाले."

खरंच आहे. पूर्वी पोराला शाळेत आणलं, की आईबाप सांगायचे, "पूर आला होता त्या साली झाला." मग गुरुजी वर्षाचा अंदाज बांधायचे आणि तारीख ठोकून द्यायचे एक जून, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या वेळी वय बरोबर भरतं. अख्ख्या जिल्ह्याला जन्म दिलाय आमच्या जमातीने!

मी सहज विचारलं, "देवरे सर, तुमची जन्मतारीख काय हो?"

सरांनी चहाचा कप तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

*

हा माझा स्वतःचा.

पंचवटीकडे एक वृद्धाश्रम आहे. तिथली नावं तपासायला मला पाठवलं. व्यवस्थापक बाहेर गेलेले, म्हणून मी व्हरांड्यातच यादी वाचायला लागले. पहिलं नाव घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीतले आजोबा म्हणाले, "हजर."

मी खूण केली. दुसरं नाव घेतलं. "हजर." आवाज तोच! मान वर करून बघितलं, तर तेच आजोबा. तिसऱ्या नावालाही तेच. बायकांच्या नावांनाही तेच, फक्त आवाज जरा बारीक.

मला वाटलं, थट्टा करतायत. जरा रागानेच म्हटलं, "आजोबा, ही सगळी माणसं कुठं आहेत?"

"गेली," ते म्हणाले. "ही समोरची खोली त्यांचीच."

"मग तुम्ही हजर कसं म्हणता?"

"मी मास्तर होतो, बाई. गैरहजर मांडलं की पट कमी होतो. पट कमी झाला की शाळा बंद करतात."

मी उठून समोरच्या खोलीत डोकावले. खाटा ओळीने लावलेल्या. एकावरही गादी नाही. आणि प्रत्येक खाटेखाली चपलांचा एकेक जोड, पुसून ठेवलेला. मला तिथं फार वेळ उभं राहवलं नाही. नियमाप्रमाणे त्या नावांपुढे जे लिहायचं ते मी लिहिलं, पण ते समोर बसून लिहिण्याची हिंमत झाली नाही. रिक्षात बसून लिहिलं.

*

आता मावशींचं सांगते.

मी चंग बांधला होता. त्यांच्या माहेरच्या गावाची जुनी यादी मिळवली. त्यात आई-वडिलांची नावं नव्हती, दोघंही फार आधीच गेलेले. पण वडिलांचं नाव तुकाराम, आणि तुकारामाचा मुलगा किसन, असं एक नाव सापडलं. मी ओरडलेच! फोन घेऊन स्वयंपाकखोलीत धावले.

"मावशी, हे तुमचे भाऊ ना?"

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी स्क्रीनवरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. किती तरी वेळ फिरवत राहिल्या.

"हा. दादा हाय."

"मग काम झालं! साहेब म्हणालेत, कागद नसेल तर रक्ताच्या नात्यातलं माणूस आणा पुराव्याला. यांना सुनावणीला बोलवा. येतील ना?"

मावशींनी पुन्हा पातेलं घासायला घेतलं. मला वाटलं, असेल भाऊबंदकी. वाटणीवरून माहेर तुटलेलं असतं, बायका सांगत नाहीत. मी म्हटलं, "भांडण असेल तर मी बोलू का? फोन आहे का त्यांच्याकडे?"

"फोन कुठला!" मावशी म्हणाल्या. "मी बोलावते."

"पण कशा?"

"बोलावते की. बुधवारी अर्धा दिस सुट्टी द्या. गंगेवर जाऊन येते."

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, सिन्नरकडचे लोक भाजी घेऊन येतात. त्यांच्यातल्या कोणाकडे तरी निरोप देणार असतील, असं मी धरून चालले. बुधवारी मावशी गेल्या. दुपारी परत आल्या त्या न्हालेल्या, ओल्या केसांनी. मी विचारलं, "मिळालं का गावचं कोणी?" तर म्हणाल्या, "सांगितलंय. येतो म्हणला."

सुनावणी एका हॉलमध्ये होती. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी फक्त परीक्षेलाच बघितली आहे. जो तो पिशवी छातीशी धरून बसलेला. मावशींच्या मांडीवर पिशवी नव्हती, जेवणाचा डबा होता. आमचे दोन्ही सर सुद्धा आले होते. देवरे सर म्हणाले, "नियमाला पटेल असं काहीतरी व्हायला पाहिजे बुवा." रोज भांडणारा माणूस, पण त्या दिवशी मावशींच्याच बाजूने.

मावशींचा पुकारा झाला. साहेब वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "मावशी, यमुना म्हणजे तुम्हीच, हे सांगणारं कोणी आहे का? नसेल तर माझा नाइलाज आहे. नाव वगळावं लागेल."

मावशींनी दाराकडे बघितलं. आम्हीही बघितलं. दारात कोणी नव्हतं.

"यमे, सरक जरा."

बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, असे एक म्हातारे गृहस्थ मावशींच्या शेजारी टेकत होते. ते आत कधी आले, आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. मावशींनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. खांदे गदगदायला लागले. आता सुटल्या म्हणून रडतायत, असं मला वाटलं. माझेही डोळे भरून आले.

म्हातारबाबा साहेबांना म्हणाले, "ही माझी धाकली बहीण यमुना. ही झाली तवा सुईणीला बोलवायला मीच पळत गेलतो. लग्नात पाव्हण्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिवलं, कौसा. आमची आई रडली. म्हणली, तांदूळ शिजवून खातील, पोरीचं आपलं नाव कुठं राहील? मी म्हणलो, मी ध्यानात ठेवीन."

त्यांनी कमरेच्या कनवटीतून ओळखपत्र काढलं. पिवळं पडलेलं, जुन्या पद्धतीचं. साहेबांनी जुनी यादी उघडली. किसन तुकाराम. नाव, गाव, फोटो, सगळं जुळलं. नियमात जुनीच यादी सांगितलेली होती, त्यामुळे साहेबांनी तेवढीच बघितली. नवी यादी उघडायचं आम्हाला कोणाला कारणच नव्हतं.

"नियमात बसलं!" देवरे सर चक्क पगारे सरांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले.

जबाबावर अंगठा घ्यायला मी शाईचा पॅड पुढे केला. बाबांनी डावा हात टेबलावर ठेवला, आणि माझं लक्ष त्यांच्या तर्जनीकडे गेलं. मतदानाची शाई. नखाच्या मुळापासून पेरापर्यंत काळीभोर, आत्ता लावल्यासारखी. माझ्या बोटावरची शेवटच्या मतदानाची शाई नखाबरोबर वाढून कधीच कापली गेली होती.

मी हसून म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे आत्ताच निवडणूक झाली का हो?"

"मत दिलं अन् निघालो," ते म्हणाले. "जेवलो बी नाय अजून."

मावशींनी डबा उचलला. दोघं बाहेर लिंबाच्या झाडाकडे गेली. मी आत कागदांवर शिक्के घेत बसले. साहेबांनी शेरा मारला, 'नाव कायम'. तो कागद घेऊन मी धावतच बाहेर आले. मावशी लिंबाखाली एकट्याच बसल्या होत्या, समोर रिकामा डबा.

"मावशी, राहिलं तुमचं नाव! आणि दादा कुठं गेले? चहाला थांबवायचं ना!"

"गेला," मावशी म्हणाल्या. डबा पुसत होत्या, चेहरा शांत. "ह्या बारीला जेवून गेला, बाई. तवा मत देऊन घरी आला, वहिनीनं ताट वाढलं, हात धुवायला म्हणून गेला अन् मोरीतच पडला. उपाशीच जाळला आम्ही त्याला. बोटाची शाई बी तशीच होती."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बघितली ना तुम्ही? अजून गेली नाय."